जामच्या बिस्किटांचं ताट



नाताळ पंधरा दिवसांवर आला की ख्रिस्ती घरांत एकच बोलणं असतं, यंदा शेजाऱ्यांच्या ताटात काय द्यायचं? आमच्याकडच्या काही कुटुंबांनी या वेळी सोपं उत्तर काढलंय. दुकानातून हिरव्या ठिपक्याचे बंद पुडे आणायचे आणि तेच वाटायचे. विचारलं तर म्हणतात, "बाई, उगाच कुणी काही बोलायला नको. आत काय आहे ते पुड्यावर छापलेलं असतंय." त्यांची धास्ती मला कळते, पण हा उपाय मला पटत नाही.

निंबर्ग्यात आमचा शेजार बहुतेक लिंगायतांचा. ताट उंबरठ्यावर गेलं की पहिला प्रश्न येतो, "अंडं घातलंय का?" यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. २०२१च्या डिसेंबरात बीदर-कलबुर्गीकडच्या सरकारी शाळांत दुपारच्या जेवणात अंडं सुरू झालं, तेव्हा केवढा वाद झाला ते वाचकांना आठवत असेल. ज्या मुलाला अंडं चालत नाही त्याला केळं द्यायचं ठरलं. ज्याला जे चालतं ते त्याच्या पानात, पंगत मात्र एकच! मास्तरकीच्या सवयीने मला ही तोड फार आवडली. नाताळच्या ताटालाही तीच लावावी. घरच्यांसाठी केक खुशाल अंड्याचा करा. शेजारच्या ताटात जामची जोडबिस्किटं ठेवा. त्यांना अंडं लागतच नाही.

हे बिस्किट मूळचं ऑस्ट्रियाकडचं. लिंझ शहराच्या नावाचा जामचा केक फार जुना. त्याची १६५३ सालची लिखित कृती आडमोंटच्या मठात सापडली. त्याच घराण्यातली ही बिस्किटं, म्हणजे दोन चकत्या, मध्ये जाम आणि वरच्या चकतीला खिडकी. स्कॉटलंडात याच जातीच्या बिस्किटाला पूर्वी जर्मन नाव होतं. पहिल्या महायुद्धात जर्मनी शत्रू झाला तेव्हा नाव बदलून 'एम्पायर बिस्किट' केलं. भांडण नावाशी झालं, खाणं कुणी सोडलं नाही.

प्रमाण सोपं आहे: एक भाग पिठीसाखर, दोन भाग बिनमिठाचं बटर, तीन भाग मैदा. म्हणजे १०० ग्रॅम, २०० ग्रॅम आणि ३०० ग्रॅम. चिमूटभर मीठ. साखर-बटर फेटून मैदा हलक्या हाताने मिसळायचा. कणकेसारखं तिंबलं की बिस्किट चिवट होतं. तूप घेतलं तर नानकटाईसारखं भुसभुशीत होतं, पातळ लाटता येत नाही. आमच्याकडच्या डिसेंबरच्या थंडीत गोळा अर्धा तास झाकून ठेवला की लाटायला बरा. चकत्या वाटीने कापा, खिडकीला बाटलीचं झाकण चालतं. १७० अंशांवर बारा-पंधरा मिनिटं, कडा जराशी बदामी झाली की काढा. भट्टी नसेल तर जाड पातेल्यात मिठाचा थर देऊन, वर स्टँड ठेवून झाकून भाजा. वेळ थोडा जास्त लागतो.

बेकरीवाल्याकडे ट्रे पाठवणार असाल तर एक लक्षात ठेवा. तिथं त्याच पत्र्यावर अंड्याचा माल भाजलेला असतो. आपला कागद घाला, आणि ताट देताना तेही सांगा. लपवायचं कशाला?

जाम मात्र घरचा करा. दुकानी जाममध्ये फळ निदान ४५ टक्के असावं असा नियम आहे, स्ट्रॉबेरीला तर २५ टक्केच पुरतं. बाकी बहुतेक साखर. सध्या पेरूचा हंगाम आहे. थोडे कच्चे थोडे पिकलेले पेरू उकडून चाळणीतून काढा, बिया राहतात. एक किलो गराला पाऊण किलो साखर, दोन लिंबांचा रस, मंद आचेवर. थंड ताटलीवर टाकलेला थेंब ओघळला नाही की झालं. गोव्यात हाच गर आणखी आटवून नाताळला 'पेराड'च्या वड्या पाडतात.

आता पुड्याबद्दल. नाताळच्या मागंपुढंच आपल्याकडं वेळ अमावास्या येते. त्या दिवशी शेजारची माणसं शेतावर बोलावतात, नाही जमलं तर भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील घरी धाडतात. त्यावर कुठला ठिपका छापलेला असतो? आणणारी सांगते, "अक्का, यात एवढं एवढं आहे," आणि आपण खातो. तिचा शब्द आपल्याला चालतो, तर आपला शब्द तिला का चालू नये? ते विचारून बघायच्या आधीच आपण पुडा पुढं करतो, याचं मला वाईट वाटतं. समजा एखाद्या घराने ताट नाकारलं, तर नाकारू द्या. "बरं" म्हणायचं आणि संक्रांतीला त्यांचा तिळगूळ हात पुढं करून घ्यायचा.

एकच खबरदारी. जाम आधी भरून ठेवला तर बिस्किटं मऊ पडतात. चकत्या आठवडाभर आधी भाजून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. जाम २४ तारखेच्या दुपारी भरा आणि ताटं संध्याकाळी, मध्यरात्रीच्या मिस्साला निघायच्या आधी, पोरांच्या हाती पाठवा. पोरांना पाठ करून द्या: "अंडं नाही, पेरूचा जाम आहे, आईने केलंय."

— एक निवृत्त शिक्षिका, निंबर्गा