झेंडे शाळेच्या फाटकाबाहेर ठेवा



निवडणूक आली की शाळेला महत्त्व येते. मतदान केंद्र शाळेत, मतदान अधिकारी पुष्कळदा शिक्षकच. याबद्दल तक्रार नाही. पण पक्षांचे भांडण वर्गात शिरून मुलांमध्ये फूट पडू लागली, तर आई-बाप म्हणून आपण गप्प बसून चालणार नाही.

तंजावरचे उदाहरण घ्या. जानेवारी २०२२ मध्ये त्या जिल्ह्यातील एका शाळेच्या बारावीच्या मुलीने आत्महत्या केली. धर्मांतराच्या दबावाचा आरोप झाला, शाळेने तो नाकारला. ३१ जानेवारीला मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने तपास सीबीआयकडे सोपवला. १४ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने तो तपास थांबवण्यास नकार दिला. आणि १९ फेब्रुवारीला राज्यभर नगरपालिका-महानगरपालिकांचे मतदान झाले. खरे-खोटे ठरवणे हे तपासाचे आणि न्यायालयाचे काम. पण प्रचाराला तेवढा धीर नसतो. अशा गदारोळात एकाच बाकावर बसणाऱ्या वेगवेगळ्या धर्मांच्या मुलांनी उद्या एकमेकांशी कसे बोलावे, याचा विचार कोण करतो?

तंजावर आपल्याला परके नाही. तिथे भोसल्यांचे राज्य होते. दुसऱ्या सरफोजीराजांना श्वार्ट्झ या ख्रिस्ती मिशनऱ्याने शिकवले. राजे हिंदूच राहिले, आणि गुरूच्या मृत्यूनंतर त्यांनी त्यांचे संगमरवरी स्मारक तंजावरच्या चर्चमध्ये बसवले. गुरू-शिष्याच्या नात्यात धर्म आडवा आला नाही, ही दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे.

काहीजण म्हणतात, शाळेत राजकारणाचे नावच नको. मला हे पटत नाही. ज्याला अठरा पूर्ण होताच मत द्यायचे आहे, त्याने सतराव्या वर्षापर्यंत कानांवर हात ठेवायचे काय? पक्षाचा प्रचार वेगळा आणि राजकारण समजून घेणे वेगळे.

आपला स्वतःचा अनुभव बघा. एकाच गँगमधले चार ट्रॅकमन चार पक्षांना मत देतात. एकाच टपाल कचेरीतले पोस्टमनही तसेच. डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वेत युनियनच्या मान्यतेसाठी गुप्त मतदान झाले, चुरस झाली. तरी गाडी चालवायला सगळ्यांचे हात लागलेच. शाखेत हे आपोआप होत नाही. बैठकीला नियम असतात. एकाने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. उत्तर मुद्द्याला द्यायचे, माणसाच्या जातीला किंवा धर्माला नाही. हीच शिस्त वर्गात नेता येईल.

त्यासाठी तीन गोष्टी कराव्यात.

पहिली : मुलांना प्रचारात उतरवू देऊ नका. ५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक आयोगाने पक्षांना तशी सक्त ताकीद दिली आहे. मिरवणुकीत नाही, घोषणा द्यायला नाही, पत्रके वाटायलाही नाही.

दुसरी : शिक्षकाच्या पाठीशी उभे राहा. शिक्षण हक्क कायद्यानुसार निवडणुकीचे काम त्याला लावता येते. मतदान केंद्रावर निःपक्षपाती राहणाऱ्या माणसाने वर्गातही आपला पक्ष सांगू नये. पण मुलांनी प्रश्न विचारला म्हणून किंवा त्याने दोन्ही बाजू मांडल्या म्हणून कोणी पुढारी त्याला दम देत असेल, तर पालकांनी पुढे यावे.

तिसरी : शाळा व्यवस्थापन समितीत जा. सरकारी शाळांच्या या समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत, असा कायदा आहे. ड्युटीमुळे आपल्याला जमत नसेल, तर घरच्या बाईमाणसाला पाठवा. समितीने निवडणुकीच्या आधीच ठराव करावा : शाळेत प्रचार नाही, जात-धर्मावरून टोमणा नाही, आणि वाद झाला तर पालकांना बोलावून त्याच दिवशी मिटवायचा.

मॅनेजमेंट आपल्यात फूट पाडते तेव्हा नुकसान कोणाचे होते, हे आपल्याला नव्याने शिकायला नको. मुलांनाही ते कळू द्या. पुढच्या शाखा बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, आणि आपल्या भागातल्या शाळेच्या समितीत आपले किती सभासद आहेत ते मोजा.