काम गेलं की आधी कुणाच्या दारात जायचं? महाड एमआयडीसीतल्या कामगाराचा सरळ हिशोब

महाड : एमआयडीसीत स्फोट झाला की बातमी होते. ३ नोव्हेंबर २०२३ ला ब्लू जेट हेल्थकेअरमध्ये ११ कामगार गेले, तेव्हा राज्यभरचे कॅमेरे इथं आले. एखाद्याचं काम जातं त्याची मात्र बातमी होत नाही. बिरवाडी नाक्यावर फर्स्ट शिफ्टच्या गर्दीत एक चेहरा दिसेनासा होतो आणि चार दिवसांनी कळतं, त्याला घरी बसवलं.

आमच्या वाडीतल्या एकाचं असंच झालं. नऊ वर्षं पर्मनंट. ऑर्डर कमी झाल्या म्हणून ऑफिसात बोलावलं. "राजीनामा दे, हिशोब लगेच करतो," असं सांगितलं. त्यानं सही केली. मग पुढाऱ्याकडे गेला, मग पीएफच्या एजंटाकडे आणि शेवटी वकिलाकडे. वकिलानं पहिलाच प्रश्न विचारला, "सही का केलीस?"

सहीची किंमत किती?

मालकानं काम नाही म्हणून कामावरून कमी केलं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि दर वर्षाच्या नोकरीमागे १५ दिवसांचा पगार नुकसानभरपाई द्यावी लागते. पगार १८ हजार धरला तर नऊ वर्षांचे साधारण ८१ हजार आणि नोटिशीचे १८ हजार, म्हणजे जवळजवळ एक लाख. राजीनामा दिला की हे दोन्ही गेलं. ग्रॅच्युइटी आणि पीएफ राजीनाम्यानंतरही मिळतातच, ते कुणाचे उपकार नाहीत. सही दबावाखाली घेतली असं नंतर म्हणता येतं, पण ते सिद्ध करायचं ओझं कामगारावर येतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. त्यामुळे हे आणखी महत्त्वाचं झालंय. कामगार कमी करण्याआधी सरकारची परवानगी आता ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यालाच लागते. आधी केंद्राच्या कायद्यात हा आकडा १०० होता. म्हणजे मधल्या कारखान्यांना कामगार कमी करणं सोपं झालं. दुसरीकडे, कमी केलेल्या कामगाराच्या खात्यात नवीन कौशल्य शिकण्यासाठी आणखी १५ दिवसांचा पगार ४५ दिवसांत जमा करायची तरतूद आलीय. तीही राजीनामा देणाऱ्याला नाही. काम कुठल्याही कारणानं सुटलं तरी राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे.

कुठलं दार कशासाठी?

पुढाऱ्याकडे जाऊ नये असं मी म्हणत नाही. दुसरीकडे चिकटवायला त्याचं वजन उपयोगी पडतं. पण कायद्यानं मिळायचे पैसे अर्जानं मिळतात, फोननं नाही.

कंपनीत युनियन असेल तर आधी तिथं जा. नसेल तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तिथला अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतो. तडजोड नाही झाली तर पुढे न्यायाधिकरण आहे. मुदत लक्षात ठेवा, जुन्या कायद्यात तीन वर्षं होती, आता दोनच आहेत. "बघू गणपतीनंतर" असं करत वर्ष कधी जातं कळत नाही.

वकील लागणार असेल तर जमीन-जुमल्याचे दावे लढणारा ओळखीचा वकील बरा, असं आपल्याला वाटतं. कामगार कायद्याचं काम वेगळं आहे, ते करणाराच शोधा. आणि फी नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळायचा हक्क आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, पूरग्रस्त हेही त्यात आहेत. महाडच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा किंवा १५१०० वर फोन करा. सुपरवायझरचं काम आणि पगार १८ हजारांच्या वर असेल, तर नव्या संहितेत तुम्ही 'कामगार' धरले जात नाही. तुमचा रस्ता वेगळा, त्यामुळे वकिलाला आधी हेच विचारा.

ठेकेदाराकडे असाल तर "कंपनीचा संबंध नाही" हे ऐकून परत फिरू नका. ठेकेदारानं पगार बुडवला तर द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. तक्रारीत दोघांचीही नावं घाला.

पीएफसाठी एजंटाला टक्का द्यायची गरज नाही, अर्ज ऑनलाइन फुकट होतो. पेन्शनचे पैसे मात्र घाईनं काढू नका. दहा वर्षं भरली नसतील तर स्कीम सर्टिफिकेट घ्या, म्हणजे पुढच्या नोकरीची वर्षं त्याला जोडली जातात. दहा वर्षं झाली की पेन्शनचा हक्क होतो. पगारातून ईएसआयसी कापली जात असेल तर बेकारी भत्त्याचं तिथंच विचारा.

आणखी एक दार आहे, त्याचं नाव घ्यायला आपल्याकडे लाज वाटते. काम गेलेला माणूस झोपत नाही, बोलत नाही, संध्याकाळी बाटली जवळ करतो. हा आळस नाही. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. नंबर घरातल्या बाईमाणसानं फिरवला तरी चालतो.

पगाराच्या पावत्या, हजेरी कार्ड, गेटपास आणि यूएएन नंबर यांचे फोटो काम चालू असतानाच मोबाइलमध्ये काढून ठेवा. गेट बंद झाल्यावर आत जाऊन कागद आणता येत नाहीत. आणि ऑफिसात कागद पुढे सरकवला तर एवढंच म्हणा, "साहेब, घरी नेऊन वाचतो, उद्या सांगतो." असं म्हटलं म्हणून कुणाची नोकरी जात नाही, ती आधीच गेलेली असते. आमच्या वाडीतल्या त्या माणसाला एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं, तर त्याचा लाखभर रुपयांचा हक्क शाबूत राहिला असता.