आजीच्या मागं राहिलेली सही

आमची आजी, आईची आई, गेल्या पावसाळ्यात गेली. नव्वदी केव्हाच उलटली होती. दहाव्याला जमलेला जो तो म्हणत होता, "सोनं झालं म्हातारीचं." नातवंडं-पतवंडं पाहिली, शेवटपर्यंत आपल्या हातानं जेवली. इंद्रायणीच्या काठी कावळाही लगेच शिवला.

तेराव्याच्या संध्याकाळी मामानं आईला बाजूला घेतलं. "अक्का, पुढच्या आठवड्यात तू नि धाकटी वडगावला या. सही तेवढी करून टाका."

सही हक्कसोडपत्रावरची.

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी गेली दहा-बारा वर्षं वस्तीवस्तीवर बायकांना वारसाहक्क समजावून सांगते आहे. त्या संध्याकाळी मात्र मी भांडी विसळत बसले, तोंडातून शब्द काढला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आजीचं आयुष्य मावळातल्या कितीतरी बायकांचं गेलं तसंच गेलं. आजोबा मुंबईत गिरणीत, सणासुदीला घरी. राब भाजणं, रोप टाकणं, आषाढात पाठीवर इरलं घेऊन गुडघाभर चिखलात आवणी करणं, सगळं आजीचं. उन्हाळ्यात पहाटे डोंगरात शिरून करवंदं-जांभळं काढायची आणि पाटी डोक्यावर घेऊन लोणावळा स्टेशन गाठायचं. पुण्याहून लोणावळ्याला लोकल सुरू झाली १९७८ साली. आजी त्याच्या आधीपासून मुंबईच्या गाड्यांच्या खिडक्यांशी पानांचे द्रोण घेऊन पळत होती. त्या पैशातून थोरल्या मामाची फी भरली, विहीर बांधली, आईच्या लग्नातली भांडी आली. तरी घरात शब्द एकच: आजोबांची जमीन.

आजोबा वारले तेव्हा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं आजी, आई आणि मावशी याही वारस होत्या. पण सातबारावर खातेदार म्हणून लागले दोघे मामा. तिघी बायका गेल्या 'इतर हक्क' या रकान्यात. हा रकाना एकदा नीट बघा मैत्रिणींनो. बँकेचा बोजाही तिथंच लिहितात.

हक्कसोड आमच्या घरात नवी नाही. आजीनंही आपल्या भावांना अंगठा दिला होता. मी कॉलेजात असताना मोठ्या शहाणपणानं तिला विचारलं, "का दिलास?" ती म्हणाली, "जमीन घ्यायची आन् माहेर घालवायचं व्हय?" दर दिवाळीला तिला भावाकडून चोळी यायची. ती चोळी ती वर्षभर जपायची.

मावळ-मुळशीच्या डोंगरातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी गावोगावच्या बायकांना सोबत घेऊन वर्षानुवर्षं गोळा केल्या. पुढं ते काम महाराष्ट्रभर पसरलं आणि ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली. आजीच्या ओव्या कुणी टिपल्या नाहीत, पण मी त्या ऐकल्या आहेत. निम्म्याहून जास्त भावावरच्या. भाऊ गाडी जुंपून येतो, चोळी घेतो, वाटेवर सोबत करतो. त्या मायेला मी खोटी म्हणणार नाही. पण चोळीच्या बदल्यात बहीण काय सोडून आली, ते आजीच्या एकाही ओवीत मी ऐकलं नाही. आता लोणावळ्याच्या बंगल्यांच्या बागांत शोभेला जाती मांडलेली दिसतात. गाणाऱ्या बायकांबद्दल कुणी विचारत नाही.

दरम्यान कायदा बराच पुढं आला. १९९४ ची महाराष्ट्राची दुरुस्ती, २००५ ची केंद्राची, आणि २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. वडिलोपार्जित मिळकतीत लेक जन्मानं लेकाच्या बरोबरीची. हे मी शिबिरात फळ्यावर लिहिते.

पण फळ्यावर न मावणारीही गोष्ट आहे. मामा म्हणतो, "म्हातारीचं आम्ही केलं." 'आम्ही' म्हणजे मामी. शेवटची चार वर्षं आजीची अंघोळ, औषधं, रात्रीचं उठणं मामीनं काढलं. आई सणाला जायची, मी तर वर्षातून दोनदा. मामीला मी विचारलं, "तुमचं नाव आहे का कुठं?" ती हसली. नवऱ्याच्या हयातीत त्याच्या संमतीनं बायकोचं नाव सातबारावर लावता येतं, १९९२ पासून लक्ष्मीमुक्तीची तशी सोय आहे. मामीनं ते ऐकलेलंच नव्हतं. आणि मी, तिच्याच घरात जेवून जाणारी, ते तिला कधी सांगितलं नव्हतं. नणंदांना वाटा मिळाला तर आपल्या पोरांचा कमी होणार, हेच तिला ठाऊक. मग ती नणंदांवर चिडणार नाही तर काय?

डोंगराकडची वरकस जमीन नाचणी-वरईपुरती होती, तोवर बहिणींच्या सह्यांची कुणाला आठवण नव्हती. द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला, बंगले उठले, आणि त्याच खडकाळ तुकड्याला गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईकाला कोरा सातबारा हवा असतो. म्हणून घाई.

आई अजून वडगावला गेलेली नाही. मावशी म्हणते, "तू करशील ते मी करीन." दर रविवारी मामाचा फोन येतो. आधी तब्येतीची चौकशी होते, मग आई फोन घेऊन गॅलरीत जाते. मागच्या रविवारी आत येऊन मला म्हणाली, "तुझ्या त्या लक्ष्मीमुक्तीचा कागद असेल तर एक मामीला पाठव. आणि माझ्यासाठी सातबारा काढून आण. आईचं नाव कसं लिहिलंय ते मला बघायचंय."