एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?

दोस्तांनो, एक कोडं घालतो. मैदा, साखर आणि लोणी ‘तिन्ही सारखं’ घ्यायचं, म्हणजे कसं घ्यायचं?

त्यात काय अवघड, म्हणता? माझ्या सातवीतल्या भाचीलाही तसंच वाटलं होतं. आईच्या वाढदिवसाला तिला एकटीनं केक करायचा होता. शेजारच्या काकूंनी कृती सांगितली : तिन्ही सारखं आणि चार अंडी. बाईसाहेबांनी प्रत्येकाच्या अडीच-अडीच वाट्या घेतल्या. केक झाला कसा? मधे खड्डा, कडा करपलेल्या आणि हाताला नुसतं तूप! आई ‘छान झालाय हं’ म्हणाली, पण दुसरा तुकडा तिनं काही उचलला नाही. ते भाचीच्या बरोबर लक्षात आलं. रात्री मला रडवेल्या आवाजात फोन. ‘मामा, काकूंनी मुद्दाम चुकीचं सांगितलं का रे?’

छे! काकूंचं ‘सारखं’ तराजूतलं होतं, प्रत्येकी २०० ग्रॅम. हिचं होतं वाटीतलं.

वाटी मोजते जागा, वजन नव्हे. मैद्याच्या बारीक कणांमधे पुष्कळ हवा अडकते, म्हणून तो पोकळ बसतो. साखरेचे दाणे चटकन खाली बसतात. मग वाटी तीच, वजन वेगळं.

किती वेगळं? रविवारी आम्ही मोजलंच. घरात काटा नव्हता, पण त्यावाचून अडलं नाही. आधी अर्ध्या लिटर दुधाची पिशवी वाटीनं मोजली. तीन वाट्या आणि वर एक तृतीयांश भरलं, म्हणजे आमची वाटी १५० मिलिलिटरची. मग अर्ध्या किलोची न फोडलेली पुडकी आणली आणि वाट्या मोजत रिकामी केली. साखरेच्या जेमतेम चार वाट्या झाल्या, रव्याच्या पाचच्या आसपास, मैद्याच्या सहा आणि वर थोडा. आता ५०० ला भागा. साखर वाटीला साधारण १२५ ग्रॅम, रवा १००, मैदा ८०. म्हणजे अडीच वाट्या मैदा बरोबर २०० ग्रॅम होता, पण साखर तीनशेच्या वर गेली होती! लोणी तर त्याहून जास्त. खड्डा पडेल नाही तर काय?

वाटी सपाट भरायची बरं का, शिगोशीग नाही. मैदा ठोकून भरलात तर आणखी बराच मावतो आणि चाळून घेतलात तर कमी. पाण्याचं मात्र सोपं : १५० मिलिलिटर म्हणजे १५० ग्रॅम. तेल त्याहून हलकं, लिटरला ९१० ग्रॅमच्या आसपास. बऱ्याच पिशव्यांवर दोन्ही आकडे छापलेले असतात, वाचून बघा.

हा घोळ जुनाच आहे. पूर्वी आपल्याकडे धान्य मापानं मोजत : दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. पण तराजूतही शेर असायचा, ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. मापी शेर वेगळा, वजनी शेर वेगळा, नाव एकच! १९५६ च्या कायद्यानं किलो आणि लिटर आले आणि नावं तरी वेगळी झाली.

आजीचा ‘वाटीला वाटी’ शिरा मात्र कुठल्याही वाटीनं जमतो, कारण रवा आणि साखर एकाच वाटीनं मोजायची असते. तिथे ग्रॅम घुसडायला जाऊ नका.

भाचीनं आकड्यांचा कागद फडताळाच्या दाराला आतून चिकटवलाय. दुसरा केक तिनं मागच्या आठवड्यात केला. आईनं तीन तुकडे खाल्ले, मला एकच मिळाला.