चणे आहेत, दात कुठं आहेत?

दिवाळीत घरी गेलो होतो. घर म्हणजे गोंदिया. (पुण्यातल्या मित्रांसाठी: नाही, ते छत्तीसगडमध्ये नाही, महाराष्ट्रातच आहे. नागपूरच्या पुढं रेल्वेनं दोन-अडीच तास.) महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये अख्खी रात्र आणि जवळजवळ अख्खा दिवस काढून पोचलो. आईनं चहाबरोबर चकल्यांची ताटली आणून ठेवली. बाबांनी एक चकली उचलली, चहात टाकली, आणि तिचा पार लगदा झाल्यावर चमच्यानं खाल्ली.

"हे काय बाबा?"

"काही नाही बे, नरम बरी लागते."

आतून आईचा आवाज आला, "दात राहिलेच कुठं त्यांच्या तोंडात? खालचे शेवटचे चार उन्हाळ्यात काढले. सांगितलं नाही का तुले?"

नव्हतं सांगितलं. मी दर रविवारी फोन करतो, न चुकता. "बाबा, जेवलात का?" "जेवलो." झालं. दर महिन्याला पैसे पाठवतो, नवीन फोन घेऊन दिला, वर्षातून एकदा रक्ततपासणीचं पॅकेज बुक करतो. म्हणजे माझ्या मते मी एकदम आदर्श मुलगा. आणि इकडं माणूस दोन वर्षं वरण-भात, खिचडी आणि चहात बुडवलेली बिस्किटं यांवर जगतोय. लग्नाला जाणं बंद केलंय, कारण पंगतीत सगळ्यांसमोर चावता येत नाही. व्हिडिओ कॉलवर तोंडाशी दुपट्टा धरून बसायचे, तो थंडीमुळं असेल असं मला वाटायचं. मे महिन्यात! गोंदियात!

आपल्याकडं म्हण आहे ना, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. बाबांनी तीस वर्षं राईस मिलमध्ये दिवाणजी म्हणून काढली, मला इंजिनिअर केलं. आता चणे आले. ही म्हण आपण नशिबावर फोडतो. माझं म्हणणं असं आहे की यात नशीब फारसं नाही. यात आपण आहोत.

आधी दात गेले कसे ते सांगतो. बाबांचा खर्रा तीस वर्षांचा. विदर्भाबाहेरच्यांसाठी: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला प्रकार. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, खर्रा मात्र पानठेल्यावर चालूच राहिला. त्यात दहा वर्षांची शुगर. हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले. समोरचे चार पडले तेव्हा बाबांनी बाजारातल्या एका माणसाकडून "पक्के दात" बसवून घेतले. वीस मिनिटांत काम, आठशे रुपये, नो अपॉइंटमेंट. त्यानं काय केलं, तर शेजारच्या दातांना तार गुंडाळली आणि जागेवरच गुलाबी प्लॅस्टिक कालवून थापून दिलं.

हे जागेवर घट्ट होणारं अॅक्रिलिक असतं. नीट कवळी करताना हेच अॅक्रिलिक लॅबमध्ये उष्णता देऊन पक्कं करतात. तोंडातच कालवलं तर न मुरलेलं रसायन जास्त उरतं आणि ते हिरडीला पोळतं. वर ते काढता येत नाही, म्हणजे धुताही येत नाही. खाली अन्न कुजत राहतं आणि ज्या धडधाकट दातांना तार बांधली तेही जातात. चार दात बसवायला गेलेले बाबा दोन वर्षांत सगळी बत्तीशी घालवून बसले. १९४८ च्या कायद्यापासून या देशात नोंदणीशिवाय दातांची प्रॅक्टिस करता येत नाही. पण बाजारात खुर्ची टाकून बसलेल्याला नोंदणी कोण विचारतो?

दुसऱ्या टोकाला आहेत होर्डिंगवाले. दिवाळीनंतर मी बाबांना एका चकाचक क्लिनिकमध्ये नेलं. नाव सांगत नाही, अशी शंभर असतील. एसी, सोफा, टॅबलेटवर आधी-नंतरचे फोटो. दहा मिनिटांत कोटेशन हातात: ३ लाख ४० हजार, इम्प्लांट, ७२ तासांत फिक्स दात, ईएमआय उपलब्ध. खर्रा खाता का, हे विचारलं नाही. शुगर किती, हेही विचारलं नाही. मी आपणहून सांगितली तर "मॅनेज करू सर" म्हणाले. मला आमच्या प्रीसेल्सवाल्यांची आठवण झाली. रिक्वायरमेंट न ऐकता "हो, होईल" म्हणणारी जमात सगळीकडं सारखीच.

कुणी म्हणेल, तू इम्प्लांटच्या विरोधात आहेस. अजिबात नाही. स्वीडनच्या ब्रॅनेमार्कनं १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. हाड त्यांना धरून ठेवतं हे आता पक्कं सिद्ध झालंय. उत्तम गोष्ट आहे. पण त्यासाठी हाड शिल्लक लागतं, शुगर ताब्यात लागते, तंबाखू बंद लागते, आणि साधारणपणे हाडानं स्क्रू धरेपर्यंत काही महिने थांबावं लागतं. हे सगळं न बघता जो फक्त आकडा सांगतो, तो बाजारातल्या तारवाल्याचाच एसीमध्ये बसलेला भाऊ. दोघंही हत्तीचे दात विकतात, दाखवायचे. बाबांना खायचे हवे होते.

मग खायचे दात कुठले? दोन महिन्यांत मला जे समजलं ते सांगतो, कारण हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

एक-दोनच दात गेले असतील तर ब्रिज होतो. त्यासाठी शेजारचे चांगले दात चारी बाजूंनी तासावे लागतात, हे आधी विचारून घ्या. काही दात शिल्लक असतील तर अर्धी कवळी, म्हणजे काढता-घालता येणारी. तिच्यात तीन प्रकार. साधी प्लॅस्टिकची स्वस्त, पण सगळा भार हिरडीवर टाकते. लवचीक नायलॉनची दिसायला छान, पण दुरुस्तीला कटकटीची. धातूच्या सांगाड्याची महाग, पण उरलेल्या दातांचा आधार घेते, त्यामुळं हिरडी वाचते. जिथं पैसे घालायचे तिथं या तिसरीत घालावेत असं माझं मत.

सगळेच दात गेले असतील तर पूर्ण कवळी. वरची टाळूला चिकटून बसते, थुंकीच्या पातळ थरावर आणि कडेनं हवा न शिरण्यावर तिची पकड. खालची घोड्याच्या नालासारखी, मध्ये जीभ वळवळतेय, म्हणून ती सैलच वाटते. आणि इथंच उशिराची किंमत मोजावी लागते. दात काढला की त्याखालचं हाड झिजायला लागतं. पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त, आणि पुढं जन्मभर थोडंथोडं. खालच्या जबड्याचं वरच्यापेक्षा सुमारे चौपट. म्हणजे "बघू पुढच्या दिवाळीला" म्हणत आपण जे वर्ष घालवतो, त्या वर्षात कवळी टेकायची जागाच नाहीशी होत असते. दात काढायच्या आधीच डॉक्टरला सांगितलं तर त्याच दिवशी बसणारी तात्पुरती कवळीही करता येते. हे बाबांना कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

खालची कवळी अगदीच टिकत नसेल तर मधला मार्ग आहे. पुढं फक्त दोन इम्प्लांट आणि त्यावर बटणासारखी बसणारी कवळी. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी पहिली निवड हीच असावी असं म्हटलं. होर्डिंगवर हा पर्याय क्वचितच दिसतो. त्यात बिल कमी होतं ना :-)

शेवटी आम्ही नागपूरच्या एका प्रॉस्थोडोंटिस्ट बाईंकडं गेलो (म्हणजे कृत्रिम दात बसवण्यातच एमडीएस केलेला डॉक्टर). त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काका, तुम्हाला काय खायचंय?" बाबा लाजले. मग म्हणाले, "शिंगाडे." आमच्या भागातल्या तलावांचे उकडलेले शिंगाडे. माझ्या घशात आवंढा आला, खोटं कशाला बोलू.

मग त्यांनी तोंड उघडून बघितलं. खर्र्यानं गालाच्या आतली कातडी ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. तसं झालेल्यांच्या तोंडात मापाचा ट्रेसुद्धा जात नाही. बाबांचं थोडक्यात बचावलं होतं. खर्रा बंद, ही पहिली अट. तोंडातला कुठलाही चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही तर ताबडतोब दाखवायचं, ही दुसरी. खर्च १८ हजार. फेऱ्या पाच.

पाच का? पहिल्यांदा कच्चं माप. दुसऱ्यांदा त्या मापावरून बनवलेल्या खास ट्रेनं पक्कं माप, गाल-ओठ हलवून कडा ठरवणं. तिसऱ्यांदा मेणाचे कठडे तोंडात ठेवून दोन जबड्यांमधली उंची ठरवणं. चौथ्यांदा मेणात बसवलेले दात घालून बघणं: दिसतात कसे, "स" आणि "फ" नीट येतो का. पाचव्यांदा कवळी हातात. मग जिथं टोचेल तिथं घासायला आणखी एक-दोन चकरा. आपल्या भाषेत, यूएटीशिवाय रिलीज नाही. "आज माप द्या, परवा घेऊन जा" म्हणणारे यातलं काय काय गाळत असतील ते बघा.

म्हणून माझा मुद्दा: कवळी ही वस्तू नाही. ती पाठवता येत नाही, ऑर्डर करता येत नाही. तिच्यासाठी कुणीतरी म्हाताऱ्या माणसाबरोबर पाच वेळा जाऊन बसावं लागतं. १८ हजार माझ्याकडं दोन वर्षांपूर्वीही होते. पाच दिवस नव्हते, असं मी स्वतःला सांगत होतो.

सरकारचंही तेच. केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांसाठी काठी, श्रवणयंत्र, चष्म्याबरोबर चक्क कवळी आहे. छान. पण साहित्य वाटायची रीत शिबिराची. शिबिरात काठी वाटता येते, कवळी कशी वाटणार? पाच फेऱ्यांचं शिबिर कोण घेतं? महाराष्ट्राच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३ हजार रुपये मिळतात. तिथल्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा यांची नावं आहेत, कवळीचं नाही. केरळनं दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी मोफत कवळीची वेगळी योजना काढली, नाव ठेवलं "मंदहासम". आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या काकू आहेत, तोंडाचं पार बोळकं. त्यांच्यासाठी जवळचं सरकारी दंत महाविद्यालय नागपूरला, तेही १९६८ पासून तेवढंच. पाच फेऱ्या म्हणजे पाच दिवसांची मजुरी. त्या काय करणार? बाजारातल्या तारवाल्याकडंच जाणार.

आणि आपलं मेडिक्लेम? गुडघा बदला, मोतीबिंदू काढा, पैसे मिळतात. दात मात्र बहुतेक पॉलिसींमध्ये अपघात सोडला तर बाहेर. जणू तोंड हा शरीराचा भाग नाही, हौस आहे. १९५१ मध्ये ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेतल्या कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावायचं ठरलं, तेव्हा ती सेवा उभी करणाऱ्या अॅन्युरिन बेव्हननं मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कवळीसाठी मंत्रिपद! आपल्याकडं कवळी हा विनोदाचा विषय आहे. नाटकात पडते, लोक हसतात.

असो. कवळी आल्यावर सगळं गोड झालं असं नाही. नैसर्गिक दातांच्या मानानं तिची चावायची ताकद फार तर चौथा हिस्सा. पहिल्या आठवड्यात बाबांनी ती डब्यात टाकली. "तोंडात दगड ठेवल्यासारखं होऊन राहिलं." मग रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचायचा, घास छोटा घ्यायचा, दोन्ही बाजूंनी एकदम चावायचं. रात्री काढून पाण्यात ठेवायची, कारण तोंडात ठेवून झोपलं तर बुरशी होते, आणि २०१५ च्या एका जपानी अभ्यासात ८५ वर्षांपुढच्या अशा लोकांमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण दुपटीहून जास्त दिसलं. टूथपेस्ट नको, ओरखडे पडतात. मऊ ब्रश आणि साधा साबण. उकळतं पाणी नको, वाकते. वर्षातून एकदा दाखवायची. बाबांची खालची अजून हलते. वर्षभर शुगर ताब्यात राहिली तर दोन इम्प्लांटचं बघू.

शिंगाडे खाल्ले त्यांनी. सीझन संपता संपता. चार खाल्ले, पाचवा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घे, तुह्या पुण्यात भेटत नसतील."

तुम्हाला एकच सांगायचंय. आज रविवार आहे, घरी फोन कराल. "जेवलात का?" विचारू नका. त्याचं उत्तर कायम "हो" असतं. "काय काय खाल्लं?" असं विचारा. आणि सलग तीन रविवार खिचडी ऐकलीत, तर पैसे पाठवू नका. तिकीट काढा.