गेज कुणी तपासायचा?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी तपासणी खात्यात आहे. रस ओतून झाला, साचा फोडला, फेटलिंग झालं, मशिनशॉपमधून भोक पाडून आलं, की जॉब माझ्या टेबलावर येतो. भोकाला गेज लावायचा. ‘गो’ची बाजू आत गेली पाहिजे, ‘नो-गो’ची जाता कामा नये. काम एवढंच. पण पहिल्याच महिन्यात इथं एक गोष्ट शिकवतात. लागोपाठ चांगले दिसणारे जॉब रिजेक्ट व्हायला लागले, तर ऑपरेटरवर ओरडण्याआधी गेज बघायचा. गेज कधी हातातून पडलेला असतो, त्याच्या कडेला बर आलेला असतो, आणि मग तो बरोबर मापाच्या भोकातही जात नाही. म्हणून प्रत्येक गेजवर कॅलिब्रेशनच्या तारखेचं स्टिकर असतं. तारीख उलटली की तो गेज कपाटात जातो, मालाला लागत नाही.

माणसांना गेज लावणारी यंत्रं हल्ली जिथं तिथं भेटतात. त्यांच्यावर असं स्टिकर मला अजून दिसलेलं नाही.

ही यंत्रं मला भेटली ती वंशावळीच्या नादात. २०२३ च्या सप्टेंबरात सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. सुरुवातीला तिचं काम मराठवाड्यापुरतं होतं, पुढं राज्यभर वाढलं, आणि १९६७ च्या आधीच्या कागदांत कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली. त्याबरोबर आमच्या हातकणंगले तालुक्यातही घरोघरी पणजोबा-खापरपणजोबांची चौकशी सुरू झाली. आधी कुणाला पणजोबांच्या वडिलांचं नाव विचारलं तर माणूस आढ्याकडं बघायचा. आता लग्नाच्या मांडवात कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या, गप्पा चालतात. मराठा आरक्षणाच्या वादात मी इथं पडत नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझा संबंध कागदाशी. मी मोडी शिकलो होतो, हौस म्हणून. ती हौस भावकीच्या कामी आली आणि माझी सुट्टी गेली.

आमच्याकडं हे काम वाटतं तेवढं सरळ नाही. १ मार्च १९४९ ला विलीन होईपर्यंत कोल्हापूर संस्थान होतं. त्यामुळं जुने कागद एका जागी नाहीत, आणि जे आहेत ते बहुतेक मोडीत. १८८६ च्या गॅझेटिअरमध्ये हातकणंगले तालुका शोधू नका, तिथं पेटा आहे आळत्याचा. घरातल्या कागदांची तर गोष्टच सोडा. पंचगंगेनं २००५ ला, २०१९ ला आणि २०२१ ला नदीकाठच्या घरांत जे पाणी घातलं, त्यात भांडी परत सापडली, कागद सापडले नाहीत. ट्रंकेत जपलेले दाखले लगदा होऊन निघाले. ज्यांचं असं झालं, त्यांना स्कॅन करून कुणीतरी कुठंतरी ठेवलेला कागद हाच आधार आहे. म्हणून इंटरनेट.

मला हवं होतं ते मात्र कोतवाल बुकात मिळणार नव्हतं. माझे चुलत आजोबा मराठा पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेले, तिकडंच राहिले. १९४४ च्या जुलैत वरच्या टायबर खोऱ्यात यशवंत घाडगे यांनी पराक्रम केला आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ती हीच मोहीम. घाडग्यांची नोंद इतिहासात झाली. बाकीच्यांची झाली ती यादीत. पण त्या याद्या मी कमी लेखत नाही. युद्धात पडलेल्या कित्येक शिपायांच्या नोंदीत बापाच्या नावाबरोबर आईचं नाव असतं, बायकोचं असतं, गावाचं असतं. आमच्या सातबारावर आणि वंशावळीत बायका सहसा सापडत नाहीत. वंशावळ म्हणजे बाप, बापाचा बाप, त्याचा बाप. पणजीचं नाव परदेशातल्या लष्करी यादीत सापडावं आणि घरच्या कागदात सापडू नये, हे आपल्याकडं होतं.

चुलत आजोबांची मुलगी, म्हणजे माझी आत्ती, टोप गावी असते. ऐंशीच्या पुढं गेली. बापाचं तोंड तिनं पाहिलेलं नाही. नोंद बघायची तिला इच्छा झाली, आणि एका फुकट परदेशी संकेतस्थळावर अशा नोंदी जुळवून ठेवल्यात असं मला कळलं. पैसे नकोत, वर्गणी नको. असं काम कुणी करत असेल तर त्याला हात जोडावेत, या मनानं मी तिच्यासमोर मोबाइल उघडला.

त्यानं विचारलं, तुम्ही माणूस आहात का?

मी आत्तीला भाषांतर करून सांगितलं. ती म्हणाली, “आरं, मी कोण ते त्येला कशाला सांगायचं? त्यो कोण ते आधी सांगू दे की.”

पुढं चित्रं आली. झेब्रा क्रॉसिंग असलेले चौकोन निवडा. शिरोली फाट्यावर ज्यानं हायवे ओलांडलाय त्याला झेब्रा क्रॉसिंगचं चित्र दाखवणं ही चेष्टाच आहे. मग पिवळी स्कूलबस. मग रस्त्याकडेचा आखूड लाल खांब, जो अमेरिकेत आग विझवायच्या पाण्याचा नळ असतो हे मला इंग्रजी सिनेमे बघून माहीत आहे, आत्तीला माहीत असायचं कारण नाही. चौकोनात खांबाची नुसती कड आली असेल तर तो धरायचा की सोडायचा? इथं मी, ज्याचा दिवस ‘धरायचा की सोडायचा’ करण्यात जातो, तो अडलो. एकदाचं सुटलो, आडनाव टाकलं, यादी आली, पहिल्या नावावर बोट ठेवलं, आणि परत तेच: तुम्ही माणूस आहात का? मधल्या दोन मिनिटांत मी कोण झालो असेन अशी त्याची शंका होती कोण जाणे. चित्रं जमत नसतील तर ऐकून लिहायची सोय आहे म्हणतात. ती इंग्रजीत, आणि मुद्दाम खरखर मिसळलेली.

आता दुसरी बाजू. तपासणी नकोच, असं तपासणी खात्यातला माणूस कसा म्हणेल? संकेतस्थळ चालवणाऱ्यांच्या मागं खरोखरच लचांड लागलंय. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांना मजकूर हवा असतो. त्यांचे बॉट रात्रंदिवस पानामागून पान उचलत राहतात. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं, की चित्रं-चित्रफिती उतरवण्याची वाहतूक जानेवारी २०२४ पासून निम्म्यानं वाढली, आणि ज्या वाहतुकीचा खर्च सर्वांत जास्त पडतो तिच्यातली ६५ टक्के बॉटची असते. विकिपीडियाला हे जड जातं, तर देणग्यांवर चालणाऱ्या छोट्या संस्थेचं काय होणार? एरवी कुणी फिरकत नाही अशी जुनी, कोपऱ्यातली पानं हे बॉट उघडतात आणि सर्व्हरला तीच महाग पडतात. वंशावळीचं संकेतस्थळ म्हणजे सगळी कोपऱ्यातलीच पानं. शिवाय त्यात आईचं माहेरचं आडनाव असतं, जन्मतारीख असते, आणि पासवर्ड विसरला की नेमकं हेच विचारायची पद्धत अजून पुरती गेलेली नाही. तेव्हा दाराला कडी हवी, मान्य.

माझं भांडण कडीशी नाही, गेजशी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी २०२३ मध्ये माणसांना मोजलं आणि ते आकडे आधीच्या अभ्यासांतल्या बॉटच्या आकड्यांशी ताडून बघितले. वेडीवाकडी अक्षरं ओळखायला माणसांना ९ ते १५ सेकंद लागले आणि अचूकता ५० ते ८४ टक्के आली. बॉटना एक सेकंदही लागला नाही आणि अचूकता जवळजवळ १०० टक्के. पुढच्या वर्षी झुरिकच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी झेब्रा क्रॉसिंगवाली चित्रकोडी यंत्राकडून सोडवून घेतली, सगळीच्या सगळी. म्हणजे ‘गो’च्या बाजूनं बॉट आत जातोय आणि आत्ती बाहेर. असा गेज आमच्याकडं कुणाच्या टेबलावर सापडला असता तर संध्याकाळपर्यंत खात्याची बैठक लागली असती.

मुळात ही कल्पना इतकी मठ्ठ नव्हती. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुइस फॉन आन आणि त्यांच्या सोबत्यांनी कॅपचा, म्हणजे हीच माणूस पारखायची कोडी, आणलं आणि २००७ मध्ये त्याला एक सुंदर कलाटणी दिली. लोकांना दोन शब्द दाखवायचे. एक यंत्राला माहीत असलेला, दुसरा जुन्या छापील कागदावरचा, यंत्राला न लागलेला. पहिला बरोबर आला तर दुसऱ्यावरही विश्वास ठेवायचा. न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक असे लोकांनी नकळत वाचून काढले. २००९ मध्ये गूगलनं हे विकत घेतलं, आणि पुढं शब्द जाऊन रस्त्यावरचे सिग्नल आले. जुन्या कागदांवर जगणाऱ्याला याची हळहळ वाटणारच. आमच्याकडं तर रुमालांत बांधलेले, कुणी न वाचलेले मोडी कागद ढिगानं पडलेत. मात्र ती युक्ती इथं चालणार नाही, कारण रोमन अक्षर येणारा रस्त्यावर भेटतो, मोडी येणारा भेटत नाही.

चित्रांपेक्षाही मोठा एक अडथळा आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. आमच्या मोबाइलला इंटरनेटवर जुन्या पद्धतीचा स्वतःचा पत्ता सहसा नसतो. मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागं शेकडो ग्राहक बसवतात, कारण तसे पत्ते जगातच कमी पडलेत. कंपनीच्या गेटवर जेवणाच्या सुट्टीत मी, शेजारच्या शॉपमधला वेल्डर आणि चहावाला एका पत्त्यावरून बाहेर पडत असू शकतो. पलीकडच्या यंत्राला दिसतं ते असं: एकच पाहुणा इतकी पानं इतक्या घाईनं उघडतोय, नक्की बॉट. घरी स्वतःची जोडणी, नवा लॅपटॉप असलेल्या पुण्या-मुंबईच्या माणसाला ते नुसतं ‘या’ म्हणतं. एकाच प्रश्नाची ही दोन मापं झाली, आणि माप ठरतं तुम्ही कुठून बोलता त्यावर.

आमच्या भट्टीवरच्या माणसांना हे नवं नाही. वाळूत आणि ग्राइंडिंगवर वर्षं काढली की बोटांच्या रेषा पुसट होतात. रेशन दुकानातल्या मशिनवर अंगठा लागत नाही. तिथं निदान दुकानदार तोंड ओळखतो, परत लाव म्हणतो, हात पुसून ये म्हणतो, ओटीपी मागतो. यंत्राच्या बाजूला माणूस उभा असतो. संकेतस्थळाच्या बाजूला कुणी नसतं.

वंशावळ राखणाऱ्यांची तपासणी आपल्याकडंही होतीच. हेळवी दारात यायचा, अजूनही कोल्हापूर-सांगली-बेळगावकडं कुठं कुठं येतो. घराण्याची नावं तो घडाघडा म्हणतो, नवीन जन्म लिहून घेतो, धान्य घेतो आणि पुढं जातो. कुणाची वही कुणापुढं उघडायची हे तो ठरवतो. ती व्यवस्था आदर्श होती असं मी म्हणत नाही. ज्या घरी हेळवी गेला नाही त्या घराला वंशावळ नव्हती, आणि कुणाच्या दारात जायचं नाही हे जात ठरवायची. पण तपासणारा समोर असायचा, त्याच्याशी वाद घालता यायचा.

फाउंड्रीत रिजेक्ट झालेला जॉब लाल क्रेटमध्ये पडतो. संध्याकाळी क्रेट मोजतात, आकडा फळ्यावर लिहितात, मॅनेजर येता-जाता बघतो, आणि म्हणूनच कुणीतरी गेज तपासायला उठतं. संकेतस्थळानं परत पाठवलेला माणूस कुठल्याच क्रेटमध्ये पडत नाही. तो मोबाइल बंद करतो आणि भाकरी थापायला जातो. चालकांच्या आकड्यांत दिसतं ते इतकंच, की संशयित भेटी इतक्या अडवल्या. त्यात आत्तीही धरलेली असते, आणि तो आकडा जितका मोठा तितकं यश मोठं.

म्हणून मागणी लहान आहे. किती जण ‘माणूस आहात का’ची चौकट बघून परत गेले हे मोजा आणि कळवा, देशवार, मोबाइल आणि संगणक वेगळे करून. एकदा पारख झालेल्याला दिवसभर पुन्हा अडवू नका. घाई करणाऱ्याला कोडं घालण्यापेक्षा पानं सावकाश द्या. शंभर नोंदी बघणाऱ्याला सावकाशीचं दुःख नसतं, लाख उचलणाऱ्याला असतं.

आणि एक मार्ग आपल्याच प्रशासनानं दाखवलाय, त्याचं श्रेय द्यायला हवं. कुणबी नोंदींच्या वेळी बऱ्याच जिल्ह्यांनी स्कॅन केलेली पानं गावनिहाय करून संकेतस्थळावर ठेवली. आपल्या गावाची फाइल एकानं उतरवली, भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली, की चाळीस घरांना सर्व्हरकडं जायची गरज उरत नाही. जुन्या, मेलेल्या माणसांच्या नोंदी अशा गठ्ठ्यानं देण्यात कुणाचं गुपित फुटत नाही. सैनिकांच्या याद्या देशवार, जिल्हावार अशाच देता येतील. तोवर आत्तीसाठी माझ्या भाच्यानं इचलकरंजीतून, घरच्या वायफायवर, तेच पान उघडून छापून आणलं. त्याला चित्रं विचारलीच नाहीत.