गोहरबाईंचा गुन्हा

गेल्या हिवाळ्यात गणपतीपुळ्याला समुद्राकाठी नाट्यसंगीताची मैफल होती. रत्नागिरीच्या मोहल्ल्यातले आम्ही चौघे मुद्दाम गेलो होतो. गाणं रंगलं. निवेदकाने अहमदजान थिरकवाँचा तबला, कादरबक्षांची सारंगी यांची नावं कानाची पाळी धरून घेतली. मग बालगंधर्वांच्या पडत्या काळाकडे वळून म्हणाला, ‘पुढे एक गोहर आली आणि सगळं संपलं.’ लोक हसले. आम्ही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज वाटते, म्हणून हे लिहीत आहोत.

साधी सालं पाहा. गंधर्व नाटक मंडळी १९१३ची. अत्तरं, शालू, गालिचे, उंची पडदे या थाटापायी १९२१च्या सुमारासच मंडळीवर कर्जाचा डोंगर होता. १९३५ साली नारायणराव प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ होऊन पडद्यावर आले, तेही नाटक परवडेना म्हणूनच. गोहरबाई आल्या १९३८ साली. कर्ज आधीचं, बाई नंतरची. तरी खातं बाईच्या नावावर!

या गोहरबाई म्हणजे कलकत्त्याच्या गौहरजान नव्हेत आणि रणजित स्टुडिओच्या मिस गोहरही नव्हेत. लिहिणारे तिघींची सरमिसळ करतात, यावरूनच चौकशी किती झाली ते कळतं. गोहर कर्नाटकी तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीच्या. ‘किस्मत’मध्ये गाऊन १९४३ साली देशभर गाजलेल्या अमीरबाई कर्नाटकी या त्यांच्या भगिनी. गोहरबाई सिनेमात कामं करून रंगभूमीवर आल्या. मराठी ही काही त्यांच्या घरची बोली नव्हे, पण गंधर्व गायकी त्यांनी गळ्यात अशी उतरवली की तबकडीवरचं नाव न वाचता ऐकणाऱ्याने क्षणभर थबकावं. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, त्याला आपण मन्वंतर म्हटलं, आणि ते योग्यच. पन्नाशीतल्या नारायणरावांच्या मंडळीत एक बाई बाईची भूमिका करू लागली, तिला मात्र आपण ‘नादी लावणारी’ म्हटलं.

त्यांनी माणसं तोडली, दारं बंद केली, असं आप्त आणि चाहते सांगत. थोडं खरं असेलही. पण १९५१ साली निकटच्यांचा विरोध पत्करून लग्न केलं, आणि थोड्याच काळात नारायणरावांचे पाय गेले. अंथरुणाला खिळलेल्या नटाचं करणं, ना उत्पन्न ना टाळ्या, हे वर्षानुवर्षं कोणी केलं? १९६४ साली त्या गेल्या. नारायणराव १९६७ पर्यंत होते. लुटायला आलेली बाई रिकाम्या घरात एवढी वर्षं थांबत नाही.

थिरकवाँ मुसलमान, कादरबक्ष मुसलमान. त्यांचं कोणाला खुपत नाही, आणि खुपू नयेच. ते साथीला बसले होते. गोहरबाई शेजारी उभ्या राहिल्या, घरात आल्या, आणि त्या बाई होत्या.

आता आपल्याकडे वळू. आमच्या मोहल्ल्यांनी तरी त्यांना कुठे आपलं म्हटलं? गाणारी, नाटकवाली, त्यात हिंदूशी निकाहाबाहेरचा संसार; आमच्या वडीलधाऱ्यांनी नाव काढलं की विषय बदलायचे. त्या संध्याकाळी आम्ही गप्प राहिलो, त्यात ही जुनी सवयही होती.

त्या मैफलीच्या आयोजकांना आमचं एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी समुद्राकाठी गोहरबाईंची एक तबकडी वाजवा, पूर्ण. मग निवेदकाने काय बोलायचं ते बोलावं. आम्ही पुढच्या रांगेत बसू.